मावशींच्या स्कूटीत पेट्रोल कोण टाकणार?

२ जानेवारी २०२४, मंगळवार. बाबांच्या रात्रीच्या आया, आमच्या मावशी, आठ वाजता यायच्या. सव्वाआठ झाले तरी पत्ता नाही, मग फोन आला. "ताई, पंपावर उभी हाओ मी. दोन घंटे झाले, नंबरच येऊन नाही राहिला. गाडी रिझर्व्हवर हाय जी. तशीच निघाली तर रस्त्यात बंद पडन."

मावशी राहतात खरबीला, आम्ही झिंगाबाई टाकळीला. नागपूर शहराची दोन टोकं, आणि मेट्रो यातल्या एकाही दारापर्यंत येत नाही. बाबांना पक्षाघात होऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. उजवी बाजू गेलेली, नाकातून नळी. दर दोन तासांनी कूस बदलायची, नळीतून पातळ जेवण द्यायचं, दिल्यावर अर्धा तास डोकं उंच ठेवायचं, नाहीतर अन्न फुफ्फुसात जातं. एकट्या माणसाचं हे काम नाही. दिवसाच्या बाईंची सुटी आठला. त्यांचे यजमान खाली गाडी घेऊन उभे, घरी दोन लहान पोरं, आणि त्यांच्याही गाडीत पेट्रोल जेमतेम. तरी त्या साडेनऊपर्यंत थांबल्या. पुढे मी एकटी. अकराच्या सुमारास कूस बदलताना बाबा पलंगाच्या पार कडेपर्यंत घसरले. मी गुडघा लावून त्यांना अडवून धरलं आणि तशीच उभी राहिले, कारण सोडलं असतं तर ते खाली आले असते. मावशी सव्वाअकराला पोहोचल्या तेव्हा दार उघडायलाही शेजारच्या काकूच आल्या होत्या.

पहिल्या पंपावर मावशींचा नंबर यायच्या आत पेट्रोल संपलं. दुसऱ्या पंपावर शंभर रुपयांचं मिळालं. शंभराचं म्हणजे तेव्हाच्या भावाने लिटरभरही नाही. आमची ती रात्र एका लिटरपेक्षा कमी पेट्रोलासाठी अडली होती, आणि तेव्हापासून हा आकडा माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

त्या दोन दिवसांत काय झालं ते थोडक्यात सांगते. नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये, अपघातानंतर पोलिसांना न कळवता निघून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद होती. त्याविरुद्ध देशभर ट्रकचालक संपावर बसले, त्यात तेलाचे टँकर चालवणारेही आले. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. अपघाताच्या जागी थांबलं तर जमाव काय करतो, हे या देशातला प्रत्येक ड्रायव्हर जाणतो. २ तारखेच्या रात्री केंद्रीय गृहसचिवांनी वाहतूकदारांच्या संघटनेशी बोलणी केली, चर्चेशिवाय हे कलम लागू करणार नाही असं सांगितलं, आणि संप मिटला. पुढे १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा एवढं उपकलम बाजूलाच ठेवलं गेलं.

म्हणजे पेट्रोल देशात होतं. वर्धा रोडवर खापरी-बोरखेडीकडच्या डेपोंमध्येही होतं. डेपो ते पंप एवढाच रस्ता तुटला होता, आणि उरलेलं काम आपण सगळ्यांनी मिळून केलं. ज्याची टाकी अर्धी होती त्याने फुल केली, ज्याची फुल होती तो घरातली दुसरी गाडी घेऊन आला. मेडिकल चौकापासून कामठी रोडपर्यंत जिथे पंप तिथे रांग.

ही टंचाई दोन दिवसांची होती. पुढची तेवढीच असेल असं मानायला काही आधार नाही. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक बाहेरून येतं. विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूर इथल्या भूमिगत साठ्यांची मिळून क्षमता ५३.३ लाख टन, म्हणजे देशाची साडेनऊ दिवसांची गरज. तेल कंपन्यांचे साठे त्याशिवाय. विदर्भात रिफायनरी नाही. महाराष्ट्रातल्या दोन्ही मुंबईत, इकडे जवळची म्हणावी तर मध्य प्रदेशातली बीना. आखातात युद्ध भडको, रेल्वे अडो, ड्रायव्हर बसोत, नागपूरच्या पंपावर त्याचा अर्थ एकच निघतो. टँकर आला नाही.

माझा प्रश्न त्या दिवसाबद्दल आहे. जे थोडं उरलेलं असेल, ते आधी कुणाला?

विचारलं की उत्तर ठरलेलं येतं: अँब्युलन्सला. बरोबरच आहे, त्यावर कुणाचा वाद नाही. १०८ ची सेवा राज्यात २०१४ पासून सुरू आहे, ९३७ गाड्यांनी सुरू झाली. तिला रांगेत कुणी उभं करत नाही. सायरन वाजला की रांग आपोआप बाजूला होते. अडचण अशी की आजारी माणसाची बहुतेक सेवा सायरनच्या गाडीतून येतच नाही. ती येते जुन्या स्कूटीवरून, शेअर ऑटोतून, नवऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसून. मेयो रुग्णालयात सकाळी आठच्या पाळीला जाणारी सिस्टर हिंगण्याहून निघते. डायलिसिसची मशीन लावणारा तंत्रज्ञ पहाटे साडेपाचला घर सोडतो, कारण पहिली बॅच सहा-साडेसहाची. घरी ऑक्सिजनवर असलेल्या म्हाताऱ्याचा सिलिंडर छोट्या मालवाहू ऑटोतून येतो. कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटला मॉर्फिनचा डोस बघून द्यायला नर्स दुचाकीवरच घरोघर फिरते. यातल्या एकाही गाडीवर लाल पट्टा नाही. रांगेसाठी ही सगळी माणसं म्हणजे 'आणखी एक गाडी'.

आणि पेशंट? किडनी गेलेल्या माणसाचं डायलिसिस साधारण आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. एक पाळी चुकली की अंगावर सूज आणि धाप, दोन चुकल्या तर फुफ्फुसात पाणी. त्याला तुम्ही 'दोन दिवसांत संप मिटेल, थांबा' असं सांगू शकत नाही. थॅलेसेमियाच्या लेकराला दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं, ते ठरल्या दिवशीच चढवावं लागतं. सिकलसेलचा त्रास तर विदर्भातल्या आदिवासी पट्ट्यात घरोघर ओळखीचा आहे, आणि त्याची कळ उठली की वाट बघायला वेळच नसतो. नागपुरात हे सगळे पेशंट बाहेरून येतात: भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, पलीकडे छिंदवाडा-बालाघाट. गडचिरोली इथून पावणेदोनशे किलोमीटरच्या घरात. लिटरला दहा किलोमीटर जाणारी गाडी पेशंट घेऊन आली आणि परत गेली तर पस्तीस लिटर डिझेल लागतं.

म्हणूनच सगळ्यांना सारखी मर्यादा घालणं मला अर्धवट वाटतं. त्याच संपात चंदीगड प्रशासनाने दुचाकीला दोन लिटर आणि चारचाकीला पाच लिटर अशी मर्यादा घातली होती. संपाच्या दुसऱ्याच दिवशी मर्यादा घातली, हे त्यांनी चांगलं केलं. आपल्याकडे 'घाबरू नका, पुरेसा साठा आहे' हेच ऐकू आलं, आणि ते ऐकून लोक जास्त घाबरले. हिशेब सोपा आहे: पंपाखालच्या वीस हजार लिटरच्या टाकीतून पाच-पाच लिटर दिलं तर चार हजार गाड्या होतात, दोन-दोन दिलं तर दहा हजार. पण आणीबाणीत सगळे सारखे नसतात. सिनेमाला निघालेल्याची पाच लिटर आणि गडचिरोलीला पेशंट परत नेणाऱ्याची पाच लिटर एकाच मापाने मोजली, तर ती समानता कागदावरची.

परदेशातही हे असंच फसलं आहे. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ मध्ये टँकरचालकांची कमतरता पडली, लोकांनी टाक्या भरायला गर्दी केली आणि पंप कोरडे पडले. घरोघर जाऊन म्हाताऱ्यांची काळजी घेणाऱ्या बायका पंपापंपावर हिंडत होत्या. आरोग्य कर्मचाऱ्यांना आधी पेट्रोल द्या, अशी मागणी तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेने केली. त्या देशाकडे आपत्कालीन इंधन योजना लिहिलेली तयार होती, ठरावीक पंप अत्यावश्यक कामाच्या माणसांसाठी राखायची सोय तिच्यात होती. ती सोय वापरलीच नाही. ४ ऑक्टोबरपासून लष्कराचे चालक टँकरवर बसवले, आणि मधले दिवस ज्याचे त्याने काढले. श्रीलंकेत २०२२ मध्ये तर परकीय चलनच संपलं; जूनअखेर सरकारने जाहीर केलं की १० जुलैपर्यंत इंधन फक्त अत्यावश्यक सेवांना. पुढे क्यूआर कोड आला, मोटरसायकलला आठवड्याला चार लिटर, कारला वीस. या पद्धतीने रांगा खरोखर आटोक्यात आल्या, मला ती मनापासून आवडते. पण तीही गाडी बघते. गाडीवर बसलेलं माणूस कुणाच्या उशाशी निघालंय, हे तिला कळत नाही.

स्टिकरचा उपाय आपण करून पाहिला आहे. एप्रिल २०२१ मध्ये मुंबई पोलिसांनी गाड्यांसाठी रंगीत स्टिकर काढले: डॉक्टर-नर्सला लाल, भाजीपाला-दुधाला हिरवं, इतर अत्यावश्यक कामाला पिवळं. आठवड्याभरात योजना मागे घ्यावी लागली. जी ओळख स्वतःच चिकटवता येते ती ओळख नसतेच.

आता जो मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो. अत्यावश्यक सेवेला प्राधान्य म्हटलं की वाटतं, केवढा साठा बाजूला काढावा लागेल! बघू या. मावशींचं जाणं-येणं धरून तीसेक किलोमीटर. जास्तच धरू, चाळीस. लिटरला चाळीस देणारी गाडी, म्हणजे दिवसाला एक लिटर. समजा नागपुरात अशा आया, नर्सा, तंत्रज्ञ, सिलिंडर पोचवणारे मिळून दहा हजार माणसं दुचाकीवर असतील. दहा हजार लिटर. बारा हजार लिटरच्या एका टँकरमध्ये ते बसतं आणि वर उरतं. अख्ख्या शहराच्या आजारी घरांची सेवा चालू ठेवायला दिवसाला एक टँकर! माझा दहा हजारांचा अंदाज चुकला आणि वीस हजार निघाले, तर दोन टँकर. देशात कितीही मोठी टंचाई असली तरी पोलीस बंदोबस्तात खापरीहून एक टँकर आणता येत नाही, असं कुणी मला पटवून देऊ शकणार नाही.

नागपूरने याहून अवघड गोष्ट केलेली आहे. एप्रिल २०२१ मध्ये ऑक्सिजन देशात होता पण तो आणायला टँकर नव्हते. २३ एप्रिलला विशाखापट्टणमहून पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस आली, सातपैकी तीन टँकर नागपूरला उतरले, बाकीचे नाशिकला गेले. त्या दिवसांत कुठल्या रुग्णालयाला किती ऑक्सिजन, हे प्रशासन रोज ठरवत होतं. चुका झाल्या, जीवही गेले. पण 'रांगेत जो पुढे त्याला' असं ऑक्सिजनच्या बाबतीत कुणी म्हटलं नाही. पेट्रोलच्या बाबतीत मात्र आपण तेच म्हणतो.

काय करता येईल ते मी माझ्या शहरापुरतं सांगते. महापालिकेचे दहा झोन आहेत. प्रत्येक झोनमध्ये दोन पंप आधीच ठरवून ठेवावेत. पाळ्या बदलायच्या आधीचे दोन तास, पहाटे साडेचार ते साडेसहा आणि संध्याकाळी पाच ते सात, तिथे फक्त यादीतल्या माणसांना पेट्रोल. बाकीच्या वेळी पंप सगळ्यांचा, ठरल्या मर्यादेत. प्रत्येक पंपावर काही साठा राखून ठेवायचा आदेश काढता येतो. हिमाचलात पावसाळ्यातल्या आपत्तीत असे आदेश निघाले आहेत. कायदा कमी नाही. पेट्रोलियम पदार्थ १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू अधिनियमात आहेत, आणि २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाने जिल्हाधिकारी जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष आहेत.

अडचण यादीची आहे, हे मला मान्य आहे. रुग्णालयातल्या नर्सकडे ओळखपत्र असतं. मावशींकडे काय आहे? आया पुरवणाऱ्या ब्युरोची वही, तीही ब्युरोवाल्याकडेच. कित्येक आया तर ब्युरोशिवाय, तोंडओळखीवर कामं करतात. या बायकांना कुठल्याच सरकारी कागदावर 'आरोग्यसेवा' असं कुणी लिहिलेलं नाही, आणि यादी नोकरीवरून केली तर त्या पहिल्याच फेरीत गळतील. म्हणून यादी पेशंटच्या घरापासून सुरू व्हावी. आपल्या भागात कोण बिछान्याला खिळलंय, कुणाचं डायलिसिस चालू आहे, हे आशा वर्करला आणि नागरी आरोग्य केंद्राला ठाऊक असतं किंवा आठवड्याभरात कळू शकतं. घराने डॉक्टरची चिठ्ठी दाखवायची, सेवेला येणाऱ्या दोन माणसांची नावं आणि गाडीचे नंबर द्यायचे, दर सहा महिन्यांनी ताजे करायचे. पंपावर नंबर जुळला की एक लिटर. रजिस्टरमध्ये सही.

लोक गैरफायदा घेतील, असं मला एका ओळखीच्या पंपवाल्या काकांनी सांगितलं. घेतील ना. पण दिवसाला एका लिटरसाठी डॉक्टरची खोटी चिठ्ठी करून पहाटे साडेचारला पंपावर उभे राहणारे किती निघतील? मोठा वाटा लहान रांगेत दिला की चोरी होते. इथे वाटाच एवढा लहान आहे की चोरायला परवडत नाही. मला भीती आहे ती वेगळ्याच बाजूची. अत्यावश्यकची यादी उघडली की तिच्यात पहिली नावं घुसतात ती बोर्ड लावलेल्या गाड्यांची. पदाधिकारी, अधिकारी, त्यांचे नातेवाईक. या यादीत पद लिहायला रकानाच नको. पेशंटचं घर, येणाऱ्याचं काम आणि गाडीचा नंबर, बस्.

रुग्णालयांच्या जनरेटरचं वेगळं आहे. १२५ केव्हीएचा जनरेटर पूर्ण भारावर ताशी पंचवीसेक लिटर डिझेल पितो. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार एका जागी २५०० लिटरपर्यंत डिझेल परवान्याशिवाय ठेवता येतं, फक्त एका भांड्यात १००० लिटरपेक्षा जास्त नको. म्हणजे मध्यम रुग्णालय चार दिवस स्वतःच्या बळावर काढू शकतं. किती नर्सिंग होम एवढा साठा ठेवतात? मी ज्या दोन-तीन ठिकाणी बाबांना नेलं तिथे विचारलं. 'संपलं की पोरगा कॅन घेऊन जातो' हेच उत्तर मिळालं. टंचाईच्या दिवशी तो पोरगा कॅन घेऊन त्याच रांगेत उभा असेल, आणि कॅनमध्ये द्यायला पंपवाला बिचकेल. देशभरच्या पेट्रोलियम साठवणुकीचे सुरक्षा-नियम बघणाऱ्या पेसोचं मुख्यालय आपल्याच शहरात, सेमिनरी हिल्सवर आहे. डिझेल सुरक्षितपणे कसं साठवायचं याची एक पानी मराठी सूचना तिथून दर नर्सिंग होमला गेली तर फार मोठं काम होईल. आणि हा साठा साध्या दिवसांत भरायचा. संप जाहीर झाल्यावर रुग्णालयांनी बॅरल घेऊन पंपावर जाणं म्हणजे मावशींच्या तोंडचं काढून घेणं.

गॅसचंही एका वाक्यात सांगायला हवं: रुग्णालयाचं स्वयंपाकघर आणि मेडिकल रुग्णालयाच्या आवारात नातेवाइकांना जेवू घालणाऱ्या संस्था १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरवर चालतात, आणि गॅस तुटला की कात्री आधी त्याच सिलिंडरला लागायची भीती असते.

दर वर्षी मान्सूनपूर्व बैठक होते. बोटी किती, पंप किती, शोध-बचाव पथकं कुठे, याचा आढावा घेतात. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला आणि मध्यरात्री घराघरांत पाणी शिरलं, तेव्हापासून ही बैठक पूर्वीपेक्षा जास्त गांभीर्याने होते असं म्हणतात. त्याच बैठकीत इंधनाचा विषय घेता येईल. नवी समिती नको, नवं ॲपही नको. वीस पंपांची नावं, दोन वेळा आणि एक रजिस्टर.

त्या रात्री मावशींनी पहिल्या पंपावर, पेट्रोल संपायच्या आधी, रांग सोडून पुढे जाऊन पाहिलं होतं. नोझल धरलेल्या पोराला त्यांनी सांगितलं, "बेटा, पेशंटची ड्युटी हाय माही, शंभराचं टाकून दे." मागून लोक ओरडले, आम्हालाही कामं आहेत. पोरगा असेल एकोणीस-वीसचा. त्याने एकदा रांगेकडे पाहिलं, एकदा मावशींकडे, आणि हळूच म्हणाला, "मावशी, मी देतो न जी. पण हे लोक मले मारतीन. साहेबाचा कागद असता तर दाखवला असता."